विद्या, उद्योग आणि आश्रय : बडोद्याच्या इतिहासातील एक बोध

विद्यालयाने विद्यार्थ्यास केवळ ज्ञान द्यावे, की उपजीविकेच्या दारापर्यंत न्यावे, हा प्रश्न आपल्या मिशनशाळांइतकाच जुना आहे. बडोदे संस्थानाच्या इतिहासात त्याचे एक उत्तर सापडते, आणि त्या उत्तराची मर्यादाही.

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापिले. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. रंगकाम, यंत्रविद्या, चित्रकला इत्यादी विषय देशी भाषांतून शिकवावेत, असा त्यांचा आग्रह होता. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हे येथलेच विद्यार्थी. परंतु शिकलेल्या हातांना काम देणारे कारखाने थोडे होते. पुढे गज्जर मुंबईस गेले व स्कॉटिश मिशनच्या विल्सन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९०७ साली त्यांनी कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्यासमवेत अलेंबिक या रसायन-उद्योगाचा पाया घातला आणि तो उद्योग बडोद्यात वाढला. जेथे काम नव्हते तेथे शिक्षकानेच कामाची जागा निर्मिली, हे या इतिहासाचे मर्म होय.

तथापि एवढ्याने प्रश्न सुटत नाही. १९१३ साली याच दरबाराने भीमराव आंबेडकर यांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले. दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार झाला. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. विद्या होती, नोकरी होती; राहावयास खोली मात्र मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठीधारी जमावाने बाहेर काढले. त्यांनी ज्या मित्रांकडे आसरा मागितला, त्यांपैकी एक ख्रिस्ती होता. पत्नीला विचारावे लागेल, असे सांगून त्याने विषय टाळला. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण असून पत्नीचे जुने आचार सुटले नव्हते, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविले आहे. अखेर कमाठीबागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली.

आज महाविद्यालये कारखान्यांशी करार करतात, उमेदवारीची सोय करतात. हे स्तुत्य आहे. निर्गमाच्या ग्रंथातील बसालेलाचे कौशल्य देवाचेच दान होते, हे आपण मानतो. पण गावाहून नोकरीसाठी आलेल्या तरुणाला खोली कोण देते, पंगतीत कोण बसवते, हे कोणत्याही करारपत्रात लिहिलेले नसते. तो भाग मंडळीचा आहे. बाप्तिस्मा घेऊनही ज्या घराचा उंबरठा जुनाच राहिला, त्या घराने १९१७ साली काय गमावले, याचा विचार आपण प्रत्येकाने आपल्या उंबरठ्यावर उभे राहून करावा.