द्राक्षमळ्याचा अदृश्य राखणदार

द्राक्षवेलीचा शत्रू कोण, असे विचारले तर कोणीही मळेवाला चटकन सांगेल. मित्र कोण, असे विचारले तर मात्र तो थोडा थांबेल; कारण तो मित्र डोळ्यांना जेमतेम दिसतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सॅन वाकिन खोऱ्यात या मित्राची ओळख कशी पटली, ते आपण पाहू.

तेथे वेलीचा रस शोषणारे तुडतुडे पानाच्या आत अंडी घालतात. ‘अनाग्रस’ नावाची, गांधीलमाशीच्या गोतातली चिमुकली माशी त्या अंड्यातच आपले अंडे घालते. तुडतुड्याचे अंडे लालसर होते आणि त्यातून बाहेर पडते ती माशी! एका हंगामात तुडतुड्याच्या दोनतीन पिढ्या होतात, तेवढ्यात हिच्या नऊदहा.

पण हिवाळ्यात वेलीची पाने झडतात. तुडतुडे पालापाचोळ्यात दडतात व अंडी घालत नाहीत. मग ही माशी जगते कशावर? १९६५ साली डाउट व नाकाटा या संशोधकांनी याचे उत्तर दिले. नदीओढ्यांच्या काठी रानटी ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या असतात. त्यांवर राहणाऱ्या दुसऱ्या एका तुडतुड्याच्या अंड्यांत ती हिवाळा काढते. ज्या जाळीला आपण अडगळ म्हणून तोडतो, तेच मळ्याच्या राखणदाराचे घर होते! पुढे १९८० नंतरच्या दशकात आलुबुखाराच्या झाडांवरही तिला असाच आसरा मिळतो, असे दिसून आले.

मात्र १९८० च्या सुमारास या खोऱ्यात एक नवा, रंगीबेरंगी तुडतुडा शिरला. त्याची अंडी पानात अधिक खोल असतात. माशीला ती सहज सापडत नाहीत. १९९० साली सेटल व विल्सन यांनी दाखविले, की नवागतामुळे माशीला भक्ष्य वाढले, पण तिचा मार बसला तो मुख्यतः जुन्या तुडतुड्यावरच. जुना मागे हटला, नवा फोफावला.

यावरून आपण काय घ्यावे? देशी मित्र प्रत्येक परक्या शत्रूला पुरा पडेलच, असा भरवसा धरता येत नाही. परंतु त्याची खरी ताकद जोखण्यापूर्वीच त्याचे घर मोडून टाकणे, हे मात्र शहाणपणाचे नव्हे. ओढ्याकाठच्या त्या जाळीने मळेवाल्यांना हेच शिकविले.