अर्ध्या गोळीचा इतिहास

दारू सोडलेल्या माणसाचा गावात सत्कार होतो. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली झोपेची किंवा चिंतेची गोळी सुटता सुटत नाही, तेव्हा त्याबद्दल घरातसुद्धा कुणी बोलत नाही. मी शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून आज या गोळीचा इतिहास सांगतो. नात्यातल्या मंडळींनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बिट्युरेट्स आली. झोप लागायची, पण सवयही लागायची, आणि डोस जास्त झाला तर जीव जायचा. मग १९५५ मध्ये अमेरिकेत 'मिलटाउन' आली. ही निर्धोक, असं सांगितलं गेलं. पण तिचीही सवय लागते, हे दिसून आलं. त्यानंतर रोश कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आली. व्हॅलियममधलं औषध म्हणजे डायझेपाम. आपल्याकडे तेच 'काम्पोज' नावाने घरोघरी पोचलं. "एक काम्पोज घे आणि झोप" हे वाक्य मराठीत कुणी ऐकलं नाही?

धोक्याची सूचना मात्र लवकर मिळाली होती. १९६१ मध्ये अमेरिकेत लिओ हॉलिस्टर यांनी लिब्रियमचे मोठे डोस घेणाऱ्या ११ रुग्णांचं औषध एकदम थांबवून पाहिलं. १० जणांना त्रास झाला, दोघांना झटके आले. पण डोस फार मोठे होते, तेव्हा साध्या डोसाला भीती नाही, असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं.

हे का होतं? आमच्या मांजरसुंब्याचा घाट उतरताना ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतो, तसा मेंदूलाही स्वतःचा ब्रेक असतो. गोळी त्या ब्रेकवर आणखी जोर देते. महिनोन् महिने गोळीच जोर देत राहिली की मेंदूचा स्वतःचा ब्रेक ढिला पडतो. अशा वेळी गोळी अचानक काढली तर गाडी उतारावर सुसाट सुटते. धडधड, थरथर, झोप उडणं, कधी झटकेसुद्धा. यात माणसाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉ. हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं केवळ ही औषधं सोडवण्याचा दवाखाना चालवला. तीनशेहून अधिक रुग्ण पाहिले. त्यांची रीत साधी होती. शरीरातून सावकाश उतरणाऱ्या डायझेपामवर यायचं, मग थोडं थोडं कमी करायचं, आणि वेग रुग्णाने ठरवायचा. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत, असं बजावलं.

महाराष्ट्रात पुण्याला १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केलं. ते मुख्यतः गर्द आणि दारूसाठी. पण व्यसन हा आजार आहे, आणि आजारी माणसाला रागावायचं नसतं, हा धडा मराठी घरांना तिथूनच मिळाला. गोळीवाल्यांपर्यंत मात्र तो अजून पोचलेला नाही.

माझ्या थोरल्या वहिनींचं उदाहरण त्यांच्या परवानगीने देतो. दादा गेल्यावर त्यांची झोप उडाली. महिन्याभरासाठी दिलेली गोळी अकरा वर्षं चालली. एकदा घरातल्या एका तरुणाने चांगल्या हेतूनेच सगळ्या पट्ट्या फेकून दिल्या. तिसऱ्या रात्री वहिनींचे हात इतके कापायला लागले की पाण्याचा तांब्या धरवेना. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी चौदा महिने घेतले. अर्धी, पाव, मग पावाचाही तुकडा. मधे दोनदा थांबावं लागलं. सून रोज रात्री जवळ बसायची. आता वहिनींना पाच तास झोप लागते, आणि त्यावर त्या समाधानी आहेत.

कायदाही बदलला आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधं १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती तीन वर्षं जपायची. तरीही २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गुंगीची औषधं घेणाऱ्यांचा आकडा सुमारे १ कोटी १८ लाख निघाला. वहिनींसारखे, रीतसर चिठ्ठीवर अडकलेले लोक यात धरलेलेच नाहीत.

तेव्हा मंडळी, एवढंच करा. सणाला घरी जाल तेव्हा आई-वडिलांच्या उशाखालची पट्टी पाहा, ती किती वर्षांपासून चालू आहे ते प्रेमाने विचारा. फेकू नका, एकदम बंद करू नका. कमी कशी करायची ते डॉक्टरांना विचारा. कुठे जावं कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे आणि मराठीतही बोलता येतं.

असो. वहिनींनी हे वाचून घेतलं आहे. "सुनेचं नाव का नाही लिहिलं?" एवढीच त्यांची तक्रार आहे.