जोडसोफ्याच्या पोटातला इतिहास
सुट्या आसनांचे तुकडे एकमेकांना लावून तयार होणारा जोडसोफा, ज्याचा एक प्रकार महाराष्ट्रातील दुकानांत ‘एल शेप’ किंवा ‘कॉर्नर सोफा’ या नावाने विकला जातो, त्याचा इतिहास बहुधा आकारांच्या अंगाने मांडला जातो. वास्तविक तो सोफ्याच्या पोटात काय भरले गेले याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात स्प्रिंगा वापरात आल्या, तेव्हापासून लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेल्या तागाच्या पट्ट्या, सुतळीने आवळलेल्या स्प्रिंगा, घोड्याच्या केसांचा थर आणि वर कापड अशी सोफ्याची घडण रूढ झाली. स्प्रिंगांचा ताण पेलण्यासाठी सांगाडा भक्कम लागे, आणि त्यामुळे सोफा जड व एकसंध राही. अमेरिकेत हार्वी प्रॉबर यांनी १९४० च्या दशकातच सुट्या आसनांचे संच घडवले होते, पण आसनाचे रूप मुळातून पालटले ते इटलीत.

त्यामागे पॉलियुरेथेन हे रसायन होते. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९३७ मध्ये शोधले. पुढे त्यापासून मऊ, लवचिक फोम बनू लागला. मिलानच्या उत्तरेकडील ब्रियान्झा या सुतारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशात पिएरो अम्ब्रोजो बुस्नेल्ली आणि चेझारे कास्सिना यांनी १९६६ मध्ये ‘सी अँड बी इटालिया’ ही कंपनी काढली आणि साच्यात फोम ओतण्याची पद्धत फर्निचरमध्ये रुजवली. पोलादी सांगाडा साच्यात ठेवून त्याभोवती द्रव रसायने सोडली की ती फुगून घट्ट होत आणि आसन जवळजवळ तयारच बाहेर येई. ज्या कामाला गादीकाराचे कसबी हात दीर्घकाळ लागत, ते आता साच्यावर सोपवता आले.

या तंत्राचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग मारिओ बेल्लिनी यांच्या १९७० च्या ‘कामालेओंदा’ या सोफ्यात दिसतो. त्याचे आसन ९० सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद असून पाठ व हात तारा, आकडे आणि कड्या यांनी त्याला जोडले जातात, त्यामुळे घरातील माणसेच त्याची मांडणी बदलू शकतात. खोलवर ओढलेल्या टाक्यांमुळे त्याच्या पृष्ठभागाला जो फुगीरपणा येतो, तो केवळ शोभेचा नव्हे, तर फोम ताणून धरण्याच्या रीतीतूनच आलेला आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९७२ साली एमिलिओ आंबाझ यांनी इटालियन गृहरचनेचे जे गाजलेले प्रदर्शन मांडले, त्यात या सोफ्यालाही स्थान मिळाले. दिवाणखान्यात कोणी कुठे बसावे हे सोफा बनवणाऱ्याने ठरवू नये, हा विचार त्या रचनेत जितक्या स्पष्टपणे उतरला, तितका त्या काळच्या फार थोड्या वस्तूंत उतरला असेल.

आजच्या ग्राहकाच्या दृष्टीने या इतिहासातील फोमचा भागच अधिक मोलाचा ठरतो. दुकानदार ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ असे आकडे सांगतात, ते एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन असते. हा आकडा म्हणजे कठीणपणा असा समज सर्रास आढळतो, पण घनता मुख्यतः फोम किती टिकेल याची कल्पना देते. तो किती दबेल हा वेगळा गुण आहे आणि तो बसूनच पाहावा लागतो. आसनाची खोली हीदेखील तितकीच निर्णायक बाब आहे, कारण आसन फार खोल असेल तर उंची कमी असलेल्या माणसाचे पाय जमिनीला आणि पाठ टेकणीला एकाच वेळी लागत नाहीत.

फोम कालांतराने कोरडा पडतो व भुगा होऊ लागतो, ही या रचनेची खरी मर्यादा होय. म्हणूनच २०२० मध्ये ‘कामालेओंदा’चे पुन्हा उत्पादन सुरू करताना त्याचे घटक वेगळे करून पुनर्वापरात आणता यावेत अशी आतील बांधणी करण्यात आली.