‘पेंढारी’ या शब्दाविषयी

परभणीकडच्या खेड्यात ताटावर तुटून पडलेल्या नातवंडांना एखादी आजी अजूनही विचारते, “अरे, पेंढारी आले की काय?” पेंढारी लोपले, शब्द मात्र टिकून आहे.

त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. काहीजण तो ‘पेंढी’शी जोडतात, घोड्यांसाठी गवताच्या पेंढ्या लुटून आणणारा तो पेंढारी. सर जॉन माल्कम यांनी ‘पिंडा’ नावाच्या मादक पेयाकडे बोट दाखविले असून खुद्द करीमखान पेंढाऱ्यानेही त्यांना तीच व्युत्पत्ती सांगितली होती. व्युत्पत्ती कोणतीही माना. हे नाव धंद्याचे होते, एका जातीचे नव्हे. पेंढाऱ्यांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. मराठी फौजांबरोबर ते बिनपगारी जात. लूट हेच त्यांचे वेतन, आणि त्या लुटीवर ‘पालपट्टी’ नावाचा कर घेतला जाई. पुढे संस्थानांच्या फौजा मोडल्या तेव्हा बेकार शिपाईही त्यांना येऊन मिळाले.

त्यांचे क्रौर्य झाकण्याचे कारण नाही. १८१५ च्या पावसाळ्यानंतर नर्मदा ओलांडून ते निजामाच्या मुलखात शिरले आणि थेट कृष्णाकाठी पोहोचले. आपला परभणीचा प्रदेश त्या काळी निजामाच्याच अमलाखाली होता. १८१६ च्या मार्चमध्ये गुंटूरकडील स्वारीत त्यांनी ३३९ गावे लुटली, १८२ माणसे मारली.

१८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी त्यांचा मोड केला. चितू पेंढारी रानात वाघाच्या तोंडी पडला. करीमखान शरण आला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली व तो तेथे स्थायिक झाला. लुटारूंच्या नायकालाही माणसांत परतण्याची वाट मोकळी झाली.

पुढे त्याच राज्यकर्त्यांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने कृत्य पाहिले नाही, जन्म पाहिला. पाळण्यातले मूलही संशयित ठरले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. पण आजही गावाबाहेर पारध्यांची पाले पडली आणि गावात चोरी झाली, की पहिला संशय तिकडेच वळतो. ‘पारधी’ म्हणजे पारध करणारा, शिकारी. या शब्दाच्या अर्थात चोरी कोठेही नाही.

ज्या नावात लूट होती, ते आज आजीच्या तोंडी लाडाचे झाले आहे. ज्या नावात ती कधीच नव्हती, त्याच्यावरचा डाग आपण केव्हा पुसणार?