कुजका ओंडका व वनमृदेतील कवके

वादळाने, रोगाने वा वार्धक्याने जंगलात पडलेल्या वृक्षाचे खोड कुजू लागले, की त्याखालच्या व भोवतालच्या मातीतील कवकांचे (बुरशी, अळंबी इत्यादींचे) जीवन बदलते. कोणत्या जाती तेथे टिकतील, त्यांना ओलावा व अन्न किती मिळेल आणि कवकजाल कोठवर पसरेल, हे बऱ्याच अंशी ओंडक्यावर अवलंबून असते.

कुजण्याचे प्रकार : लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचे बनलेले असते. ‘श्वेत कुज’ घडविणारी कवके लिग्निनचेही विघटन करतात. लाकूड फिकट व तंतुमय होते. ‘तपकिरी कुज’ घडविणारी कवके सेल्युलोज संपवितात, पण लिग्निन बव्हंशी मागे ठेवतात. लाकूड चौकोनी तडे जाऊन भुसभुशीत होते. सूचिपर्णी वनांत हे तपकिरी अवशेष मातीत मिसळून शतकानुशतके टिकतात.

नायट्रोजनाची ने-आण : लाकडात कार्बन विपुल, पण नायट्रोजन शुष्क वजनाच्या १ टक्क्याहूनही कमी असतो. ही उणीव कवके मातीतून भरून काढतात. हायफोलोमा फॅसिक्युलेअर व फॅनेरोकीटे व्हेल्युटिना यांसारख्या जातींचे कवकतंतू एकत्र येऊन दोरीसारखे जाड होतात, ओंडक्यातून बाहेर पडून मातीत दूरवर पसरतात व नवे लाकूड शोधतात. या दोऱ्यांतून नायट्रोजन व फॉस्फरस ओंडक्याकडे आणले जातात. त्यामुळे आरंभी ओंडका पोषकद्रव्ये साठवितो आणि पुढे कुजत जाताना ती हळूहळू मातीला परत करतो.

मुळांशी सहजीवन : पुरता कुजलेला ओंडका स्पंजाप्रमाणे पाणी धरतो. उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातील सूचिपर्णी वनांत कोरड्या उन्हाळ्यातही तो ओलसर राहतो आणि वृक्षमुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांना (मायकोरायझा) आसरा देतो. तेथे हेमलॉक वृक्षाची रोपे अशा ओंडक्यांवर मोठ्या संख्येने रुजतात.

दीर्घकालीन प्रयोग : ओरेगन राज्यातील एच. जे. अँड्रूज प्रायोगिक वनात मार्क हार्मन यांनी १९८५ मध्ये चार वृक्षजातींचे ५०० हून अधिक ओंडके मांडून त्यांच्या कुजण्याची नोंद सुरू केली. हा प्रयोग २०० वर्षे चालावा अशी योजना आहे. तो पुरा होण्यास संशोधकांच्या अनेक पिढ्या लागतील.

उष्ण प्रदेश : भारतातील वनांत लाकूड फस्त करण्यात वाळवीचाही मोठा वाटा असतो. काही जातींची वाळवी मृत लाकूड व पालापाचोळा वारुळात नेऊन त्यावर टर्मिटोमायसीस हे कवक वाढविते. कोकण व गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी चविष्ट अळंबी ती हीच. सह्याद्रीतील भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री कुजक्या फांद्या व ओंडके हिरवट प्रकाशाने उजळलेले दिसतात. तो उजेड मायसीना वंशातील कवकांचा असतो.

संरक्षण : सरपणासाठी वा ‘साफसफाई’ म्हणून पडलेले लाकूड सरसकट उचलले, तर लाकडावर जगणाऱ्या कवकांचा आधार जातो आणि मातीला मिळणारा ओलावा व सेंद्रिय द्रव्येही घटतात. मोठ्या खोडाची जागा बारीक काटक्या घेऊ शकत नाहीत, कारण त्या लवकर सुकतात व लवकर संपतात. म्हणून वनव्यवस्थापनात काही मोठे ओंडके पडल्या जागीच कुजू देणे आवश्यक ठरते.