मोबाइलवरच्या ईमेलमधली लिंक : वाचायची कशी, लिहायची कशी

मेलमध्ये आलेली लिंक आपण वाचत नाही, टॅप करतो. कॉम्प्युटरवर निदान माउसचा बाण लिंकवर नेला की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर बाणही नाही आणि तो कोपराही नाही. दिसतात त्या निळ्या अक्षरांच्या तीन-चार ओळी, नाहीतर ‘इथे क्लिक करा’ असं एक बटण.

आमच्या वरूडमध्ये बारावीच्या निकालानंतर मेल वाचायचा सीझनच असतो. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचा फॉर्म. त्यात संत्र्याच्या बागेचा विमा किंवा अनुदानाचा अर्ज बाबांच्या नावाने, पण मेल आयडी पोराचा नाहीतर पोरीचा. म्हणजे घरातल्या सगळ्या सरकारी कामांच्या लिंक्स एकाच फोनवर. त्यातली खरी कुठली आणि बनावट कुठली हे वाचता आलं पाहिजे. आणि आपण कोणाला लिंक पाठवत असू, तर मुदतीच्या दिवशी ती समोरच्याकडे उघडली पाहिजे.

(या लेखात वेबसाइटचे पत्ते मुद्दाम देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. ‘डॉट’ म्हणजे टिंब.)

मराठी लिंक एवढी लांब का होते?

मराठी विकिपीडियावर ‘अमरावती जिल्हा’ हा लेख उघडा. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता नीट मराठीत दिसतो. तोच कॉपी करून मेलमध्ये पेस्ट करा, की बहुतेक वेळा टक्क्याची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक रांग येते. फोन बिघडलेला नाही. वेब पत्त्यात मुळात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. बाकी सगळं बदलून लिहावं लागतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि प्रत्येक बाइट पत्त्यात ‘टक्का आणि पुढे दोन अक्षरं’ असा लिहितात. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं झाली.

इथे चिन्ह म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजायचं. ‘वरूड’ म्हणजे व, र, दीर्घ उकार, ड अशी चार चिन्हं, म्हणून ३६ अक्षरं. ‘जिल्हा’ दिसायला छोटा, पण त्यात सहा चिन्हं आहेत, म्हणून ५४. ‘अमरावती जिल्हा’ या नावाची मधल्या जोडरेघेसकट ११८ अक्षरं होतात, आणि पुढचा विकिपीडियाचा पत्ता धरून अख्खी लिंक १४८ अक्षरांची. उभ्या धरलेल्या फोनवर एका ओळीत साधारण चाळीस-पंचेचाळीस अक्षरं मावतात, त्यामुळे एवढ्या एका लिंकलाच चार ओळी लागतात. अशी लिंक खरीच असते, फक्त माणसाला वाचता येत नाही.

वेबसाइटचं नावच मराठीत असेल तर बदल वेगळ्या पद्धतीने होतो. ‘डॉट भारत’ हे देवनागरी शेपूट २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळतं. मेलमध्ये ते कधी कधी ‘एक्सएन’, मग दोन आडव्या रेघा, मग ‘एच२बीआरजे९सी’ असं दिसतं. तेही बरोबरच आहे. मात्र इंग्रजी नावाच्या ओळखीच्या कंपनीची लिंक एक्सएनने सुरू झाली तर थांबा. रशियन लिपीतला ‘अ’ आणि इंग्रजी ‘ए’ दिसायला सारखेच असतात. २०१७ मध्ये एका संशोधकाने अशाच परक्या अक्षरांतून ॲपलच्या नावासारखा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता.

पत्ता शेवटाकडून वाचा

आधी लिंक पूर्ण दिसू द्या. टॅप करू नका, बोट दाबून धरा. बहुतेक मेल ॲप्समध्ये खरा पत्ता आणि ‘कॉपी’सारखे पर्याय येतात. बटणावरही हे चालतं. पत्ता कापलेला दिसला तर कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा आणि तिथे वाचा. ब्राउझरच्या पट्टीत पेस्ट करू नका, चुकून ‘गो’ दाबलं जातं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: मेलमध्ये निळ्या अक्षरांत जो पत्ता लिहिलाय, त्याच्या मागे दुसराच पत्ता लावता येतो. वर दिसतं ते फक्त लेबल असतं, दाबून धरल्यावर दिसतो तो खरा पत्ता.

आता त्यातला कामाचा भाग बघू. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांपासून पुढच्या पहिल्या एकट्या तिरक्या रेघेपर्यंत जे आहे, तेवढंच वेबसाइटचं नाव. ते आपल्या टपालाच्या पत्त्यासारखं असतं. आपण ‘मु. पो. वरूड, जि. अमरावती’ लिहितो, म्हणजे सगळ्यात मोठी जागा शेवटी. इथेही तसंच. ‘महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता उलटा वाचला तर आधी भारत, मग सरकार, मग महाराष्ट्र आणि शेवटी महाडीबीटी. आता हा बघा: ‘महाडीबीटी डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट टॉप’. अरुंद स्क्रीनवर डावीकडचं सरकारी नाव तेवढं दिसतं, पण पत्ता आहे अमुकतमुक डॉट टॉपचा. गावाचं नाव ओळखीचं, जिल्हा भलताच. फसवणारे लोक डावीकडची नावं मुद्दाम लांबवतात, कारण मोबाइलवर उजवी बाजू कापली जाते हे त्यांना चांगलं माहीत असतं.

शेपटांबद्दल थोडक्यात. ‘गव्ह डॉट इन’ फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं, ‘एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांना. नुसतं ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट ओआरजी’ मात्र कोणीही विकत घेऊ शकतं, त्यावर भरवसा ठेवू नका. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट आणलं आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. बँकेच्या नावाने आलेल्या मेलमध्ये आता सगळ्यात आधी हेच बघावं.

दोन बारीक खोड्या लहान स्क्रीनवर हमखास फसवतात. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की ‘एम’सारखे दिसतात. आणि वेबसाइटच्या नावाच्या जागेत ‘ॲट’चं चिन्ह असेल, तर त्याच्या डावीकडचं सगळं नाव शोभेचं असतं, खरी वेबसाइट उजवीकडे.

तुम्ही लिंक पाठवत असाल तर

कॉलेजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण, रक्तदान शिबिराचा फॉर्म, बाजारभावाची माहिती, हे मेल आता आपणच पाठवतो. इथे मराठी लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ती म्हणजे विभक्तीचा प्रत्यय.

आपण लिहितो, ‘अर्ज एसजीबीएयू डॉट एसी डॉट इनवर भरा’. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा पत्ता बरोबर आहे, पण ‘वर’ त्याला चिकटला. काही ॲप्स समजून घेतात. काहींना ‘इनवर’ असं शेपूट सापडत नाही, मग पत्ता निळाच होत नाही. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन पानाचं नाव असेल तर गोष्ट आणखी वाईट. ‘नोटीस’ या पानाचं ‘नोटीसवर’ होतं. ‘वर’ची दोन चिन्हं, म्हणजे अठरा अक्षरं, लिंकमध्ये घुसतात आणि पान सापडत नाही म्हणून मेसेज येतो. मग ग्रुपवर विचारणा सुरू: ‘काहून उघडत नाही बे?’ वर, ला, ने, चा, हे काहीही पत्त्याला चिकटवू नका.

उपाय सोपा आहे. आधी एका ओळीत लिंक कशाची आहे ते मराठीत लिहा: ‘परीक्षा अर्ज (विद्यापीठाची वेबसाइट)’. खालच्या ओळीत फक्त लिंक, पुढेमागे एकही अक्षर नको, पूर्णविरामही नको. त्याखाली एक ओळ मोकळी सोडा, म्हणजे बोट शेजारच्या लिंकवर पडत नाही. लिंक मेलेली निघाली तरी माणूस पोचावा म्हणून वाटही सांगून ठेवा: मुख्य पान, मग विद्यार्थी, मग परीक्षा. मेल कॉम्प्युटरवरून लिहीत असाल तर जीमेलमध्ये शब्द निवडून कंट्रोल आणि के दाबा. टक्क्यांची ती रांग ‘अमरावती जिल्ह्याची माहिती’ या शब्दांमागे जाते. ‘इथे क्लिक करा’ मात्र लिहू नका. त्यातून काही कळत नाही, आणि चोरही तेच लिहितात.

शेपटावरची धूळही झटका. लिंकमध्ये प्रश्नचिन्ह आणि पुढे ‘यूटीएम’ किंवा ‘एफबीक्लिड’ दिसलं तर ते तुम्ही कुठून आलात हे मोजण्यासाठी असतं. (यूटीएममधला ‘यू’ म्हणजे अर्चिन. ही कंपनी गूगलने २००५ मध्ये घेतली, तिचं नाव अजून आपल्या लिंकांना चिकटलेलं आहे.) तेवढा भाग काढला तरी पान उघडतं. पण प्रश्नचिन्हापुढचं सगळंच कापू नका. यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये व्हिडिओची ओळखच तिथे असते. कापल्यावर इनकॉग्निटो टॅबमध्ये एकदा उघडून बघा. ड्राइव्हच्या फाइलला परवानगी द्यायची राहिली असेल तर तेही तिथेच कळतं.

लिंक छोटी करणाऱ्या सेवा मला मेलसाठी आवडत नाहीत. पत्ता छोटा होतो, पण वाचायचं जे होतं तेच झाकलं जातं. शिवाय सेवा बंद पडू शकते. गूगलने २००९ मध्ये आणलेली ‘गू डॉट जीएल’ ही सेवा ३० मार्च २०१९ ला नव्या लिंक्ससाठी बंद केली, आणि वापरात नसलेल्या जुन्या लिंक्स २५ ऑगस्ट २०२५ पासून बंद करायचं ठरवलं. विकिपीडियाच्या लेखासाठी मात्र विकिमीडियाचीच ‘डब्ल्यू डॉट विकी’ आहे. ती बाहेरच्या वेबसाइटवर नेत नाही, म्हणून चालेल. आणि मेलमध्ये नुसता क्यूआर कोड पाठवणाऱ्यांनी एवढं सांगावं, की ज्या फोनवर मेल उघडलाय त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा?

जुन्या पद्धतीच्या साध्या मेलमध्ये अजून एक प्रकार दिसतो. मेलच्या नियमात ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे, त्यामुळे काही प्रोग्राम लांब लिंक मधेच तोडतात. पहिली ओळ निळी आणि दुसरी काळी दिसली की ओळखा. दोन्ही तुकडे कॉपी करून, मधली मोकळी जागा काढून जोडले की लिंक चालू होते. अर्थात, जोडल्यावर पत्ता शेवटाकडून वाचायचाच.

टॅप झालंच तर

नुसतं पान उघडलं आणि तुम्ही काही भरलं नसेल तर टॅब बंद करा, ॲप डाउनलोड झालं असेल तर उघडू नका, डिलीट करा. पासवर्ड दिला असेल तर मेलमधल्या लिंकवरून नाही, तर स्वतः पत्ता टाइप करून खऱ्या वेबसाइटवर जा आणि तो बदला. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. जेवढ्या लवकर कळवाल तेवढी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ इथे ऑनलाइनही करता येते. तिथे तो मेल लागतो, म्हणून रागाच्या भरात डिलीट करू नका.