केशवराव भोसले : चढाओढीचं सार्थक

मंडळी, १९९० साली रोममध्ये पावारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास एकत्र गायले. त्यातले शेवटचे दोघे स्पॅनिश. वरच्या पट्टीच्या आवाजाचे तीन मातब्बर एका मंचावर, याचं जगाला केवढं अप्रूप! आपल्याकडे असा योग ६९ वर्षं आधीच आला होता.

कोल्हापूरचे केशवराव भोसले, आवाज चढा आणि धारदार. १९०८ साली त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ काढली. बालगंधर्वांच्या मंडळीशी तिची चढाओढ. पण ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मिळून ‘मानापमान’ केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं ३१. बघा, चढाओढ होतीच; तिचं मोल मात्र त्या रात्री देशाच्या पदरात पडलं.